पाचच पाकळ्या

सातवी पाकळी

नाही.

सहावी पाकळी

हीसुद्धा नाही.

मित्रांनो, आमच्या मुलखाचं एक निशाण आहे. त्यावर मी आहे. गेरूच्या रंगावर मधोमध बसवलेलं पांढरं फूल, आणि त्याला सात पाकळ्या. ऑस्ट्रेलियाची सहा राज्यं, त्यांच्या सहा, आणि आमच्या टेरिटरीची, म्हणजे अजून राज्य न झालेल्या या मुलखाची, एक, अशा त्या सात केल्या. करणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. मला मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की राज्यं कितीही करा, माझ्या अंगावर पाचाहून जास्त काही मावत नाही. आणि मी पांढरीही नाही. जांभळट गुलाबी आहे, आत गाभ्याशी रक्तासारखी लाल.

म्हणून या गोष्टीत वरच्या दोन पाकळ्या कोऱ्या. त्या ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात. आता माझ्या पाच.

पहिली पाकळी

मी एक जुनी रानकपाशी आहे. गुलाब नाही. लोक मला वाळवंटी गुलाब म्हणतात आणि त्यामागे कुणा प्रवाशाचं नाव लावतात. तो म्हणे पाणी शोधत या बाजूने गेला होता. असेल. माझी त्याची ओळख नाही. तो यायच्या आधीपासून आमच्या घराण्याला इथे नाव होतं आणि ते अजून चालू आहे.

माझी भावकी तुमच्या काळ्या जमिनीत उभी असते, ओळीने. तिच्या बोंडांतून तुमचे सदरे निघतात. माझ्या बोंडातून कुणाचा रुमालही निघणार नाही. बी आहे, बियांवर थोडी लव आहे, ती कातता येत नाही. मला कुणी पेरलं नाही, ओळीत लावलं नाही, वेचायलाही कुणी आलं नाही. कोरड्या नदीच्या काठी, लाल दगडांच्या भेगेत मी उगवले. पान गोल, राखाडी हिरवं, त्यावर बारीक काळे ठिपके. पान चुरगाळून हुंगा, मग कळेल गुरं माझ्यापासून लांब का राहतात.

तीन वर्षं पाऊस आला नाही तरी मी असते. असते म्हणजे काटक्या असतात. त्यालाच लोक मेली म्हणतात. असं किती वेळा म्हणून झालं, मी मोजलेलं नाही.

दुसरी पाकळी

माझी एक फार जुनी गोष्ट आहे. ती मी सांगणार नाही.

मला येत नाही म्हणून नव्हे. ती माझी एकटीची नाही म्हणून. या दगडांची, या काठाची आणि माझी मिळून ती गोष्ट आहे आणि ती ज्यांची आहे त्यांनीच ती सांगायची असते. तीही कुणाला, कधी, किती, हे ठरलेलं आहे. तुम्हाला राग आला तर येऊ द्या. इतकं कळलं तरी पुरे, की ही जागा इथल्या आदिवासी वस्तीतल्या रोझली नावाच्या म्हाताऱ्या चित्रकारणीला तिच्या बापाकडून आलेली आहे. म्हणून माझं चित्र काढायचा हक्क रोझलीचा.

पण एकट्या हक्काने इथे काही होत नाही. ज्याला जागा बापाकडून येते तो काढणारा. ज्याला तीच जागा आईकडून येते तो राखणारा. काढणाऱ्याने काढायचं आणि राखणाऱ्याने शेजारी बसून बघायचं, चुकलं तर पुसायला लावायचं, आणि पुरं झालं की पुरं झालं असं म्हणायचं. तो म्हणेपर्यंत पुरं होत नाही. काढणारी कितीही मोठी चित्रकार असली तरी.

रोझलीचा राखणारा म्हणजे तिचा आतेभाऊ. त्याचं नाव मी घेणार नाही. तो गेला, आणि आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. वस्तीत त्याच नावाचा एक शिकाऊ ड्रायव्हर होता, त्यालाही तेव्हापासून दुसऱ्या नावाने हाक मारतात. तर त्याला आपण राखणदार म्हणू.

तिसरी पाकळी

ही सगळ्यात मोठी. खऱ्या फुलातही पाकळ्या अगदी सारख्या नसतात.

मी वस्तीच्या दवाखान्याच्या भिंतीपुढे उभी आहे. खरं तर मी होतेच, भिंत नंतर आली. त्या दवाखान्यात नवीन खोली बांधली, रक्त धुण्याच्या यंत्राची. त्याआधी ज्यांची किडनी बिघडे ती माणसं चारशे किलोमीटरवर शहरात जाऊन राहायची आणि बहुतेक तिथेच संपायची. म्हणून ती खोली वस्तीला हवी होती. तिच्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते आणि बाहेरच्या भिंतीवर टेरिटरीचं फूल काढायचं ठरलं होतं.

सरकारी कार्यालयाकडून ब्रिजिट आली. पंचविशीची पोर, नाकावर ऊन लागू नये म्हणून मलमाचा पांढरा पट्टा, बगलेत कागदाची मोठी गुंडाळी. ऐन थंडीचे दिवस होते. पहाटे दव गोठत होतं आणि माझ्या अंगावर चार पानं उरली होती.

रोझली बायकांबरोबर शेकोटीशी बसली होती. राखेत कांगारूचं शेपूट भाजत होतं. ब्रिजिटने गुंडाळी उलगडून तिच्यापुढे धरली. तो साचा होता. भिंतीला लावायचा आणि आत रंग भरायचा.

"रोझली मावशी, भिंत सगळी तुमची. बाजूला तुम्हाला काय हवं ते काढा. मधलं फूल फक्त असं."

रोझलीने बराच वेळ बघितलं. "हे काय आहे?"

"आपलं फूल."

"आपलं म्हणजे कुणाचं?"

"सगळ्यांचं."

"मग सगळ्यांना सांग काढायला. मी माझं काढते." रोझलीने काटकीने एकेक पाकळी मोजली. "दोन जास्त आहेत, पोरी."

"त्या राज्यांच्या आहेत, मावशी."

"मग देऊन टाक त्यांना परत."

बायका हसल्या. ब्रिजिटही थोडी हसली, पण तिच्या डोक्यात तारीख होती. पत्रिका छापून झाल्या होत्या आणि पत्रिकेवर सात पाकळ्या होत्या. तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि हे वाळकं काढायला सांगते. उद्या रस्ता सपाट करणारा ग्रेडर येतोय, तोच ढकलून देईल. फुलाच्या चित्रापुढे मेलेलं झुडूप बरं नाही दिसत."

आता शेकोटीशी जे हसणं सुरू झालं ते थांबेना. एक म्हातारी तर हसता हसता आडवी झाली.

"काय झालं?" ब्रिजिट म्हणाली.

"हेच ते," रोझली म्हणाली.

"हेच काय?"

"तुझं फूल. सगळ्यांचं."

ब्रिजिट माझ्यापाशी येऊन उकिडवी बसली. "पण हे मेलंय."

"झोपलंय. सकाळी गाडीतून उतरलीस तेव्हा तूही अशीच दिसत होतीस."

(इथे एक कुत्रा आला, माझ्या बुंध्याशी त्याने जे करायचं ते केलं आणि गेला. सरकारी मान, टेरिटरीचं बोधचिन्ह वगैरे कुत्र्यांना माहीत नसतं. माझी तक्रार नाही. त्या थंडीत मिळालेलं तेवढंच ओलं.)

रोझली उठली. "मला विचारून उपयोग नाही. मी काढणारी. राखणाऱ्याला विचार."

राखणदार दुकानाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रेडिओवर फूटबॉल ऐकत होता. सामना संपेपर्यंत तो उठला नाही. मग काठी टेकत आला, मागे तीन कुत्री. त्याने साचा हातात घेतला, उलटा.

"चाक छान आहे."

"फूल आहे, काका."

"आमच्या गाडीच्या चाकाला सहा नट. हे साताचं. दुसऱ्या कंपनीचं असणार."

रोझली म्हणाली, "चेष्टा नको. हिला सांग पाच काढायच्या म्हणून. म्हणजे मी आज सुरू करते."

राखणदाराने माझ्याभोवती एक फेरी घातली. एक काटकी वाकवून बघितली, मोडली नाही. मग विचारलं, "आज हिच्यावर फुलं किती?"

"एकही नाही," ब्रिजिट म्हणाली.

"मग फूल कुठून काढणार?"

"पण काका, हे फुलाचं चित्र..."

"आज जे आहे तेच भिंतीवर. काटक्या. चार पानं आहेत, ती घ्या."

ब्रिजिटचा चेहरा पडला ते ठीक होतं. पण रोझलीचाही पडला. तिला वाटलं होतं, आतेभाऊ आपल्या बाजूने बोलेल. "साठ वर्षं बघतेय मी हिला. मला ठाऊक नाहीत पाकळ्या?"

"तुला ठाऊक आहेत. या पोरीला नाहीत. तू पाच काढशील, ती म्हणेल म्हातारी चुकली. कोण मोजून देणार तिला? फूल येऊ दे."

"पाहुणे यायचे आहेत. मी काय काटक्या दाखवू?"

"काटक्या चांगल्या काढ. तुझ्या काटक्या नेहमी जाड होतात."

रोझली दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण साचा तिने लावला नाही आणि पाच पाकळ्याही काढल्या नाहीत. राखणाऱ्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही. तीही गेली नाही.

आणि जाता जाता राखणदाराने आणखी एक गोष्ट सांगितली. ब्रिजिटने वहीत लिहून घेतली, कारण तिला ती साधी वाटली. तो म्हणाला, "चित्र पुरं होईतो झुडूप हलवायचं नाही. रोझली बघणार कशाकडे?"

"बरोबर आहे. पुरं कधी होईल?"

"मी सांगेन तेव्हा."

दुसऱ्या दिवशी ग्रेडर आला. माझ्यापासून चार हातांवर थांबला, ड्रायव्हरने ब्रिजिटची वही बघितली, आणि मला वळसा घालून गेला. तो वळसा अजून रस्त्यात आहे.

पाहुणे आले तेव्हा भिंतीवर करड्या काटक्या होत्या, पातळ, एकमेकींत गुंतलेल्या, आणि चार पानं. एका मोठ्या टोपीच्या बाईंनी विचारलं, हे काय. ब्रिजिट म्हणाली, "आपलं फूल. सध्या झोपलंय." ते ऐकून मला ती पोर थोडी आवडली.

मी हट्टाने फुलले नाही असं कुणी म्हणेल. खरं सांगते, थंडीच होती. पण थंडी नसती आणि पत्रिकेवरच्या तारखेला फुलून दाखव असं कुणी म्हटलं असतं, तरी मी फुलले नसते.

चौथी पाकळी

पाहुणे गेल्यानंतर अकराव्या दिवशी एक फूल आलं.

शाळेतल्या मुली सर्वांत आधी ओरडल्या. रोझली रंग घेऊन आली. राखणदार खुर्चीसकट आला. तिने ते एक फूल भिंतीवरच्या काटकीवर काढलं, जिथे खरं होतं तिथेच. राखणदाराने हाताची बोटं उघडून फुलाशेजारी धरली, मग चित्राशेजारी धरली, आणि खुर्चीत टेकला.

"पुरं?" रोझलीने विचारलं.

"कळी आहे वर एक."

महिन्याने ब्रिजिट आली. माझ्यापुढे बसली, एका फुलाच्या पाकळ्या मोजल्या, मग दुसऱ्या फुलाच्या मोजल्या. साचा तिच्या गाडीत सीटखाली होता, तो तिथेच राहिला. पुढे तिची बदली झाली. तिच्या जागी आलेल्यांनी वहीतलं वाचून दरवर्षी विचारलं, चित्र पुरं झालं का. राखणदार दरवर्षी माझ्याकडे बघायचा. दरवर्षी कुठेतरी कळी असायचीच.

अशी सहा वर्षं. भिंतीवरच्या काटक्या फुलांनी झाकत आल्या. एक उन्हाळा माझ्या अंगावर एक पान नव्हतं, तेव्हा रोझलीने काही काढलं नाही, ब्रश धुऊन ठेवला. तरी चित्र पुरं नव्हतं.

मग तो गेला.

त्या दिवसांत आमच्या रीतीप्रमाणे वस्तीतली माणसं त्याच्या घराजवळची जागा सोडून पलीकडे राहायला गेली. त्याची खुर्ची उचलून नेली. रोझलीने भिंतीकडे पाहिलं नाही. आणि पाऊस झाला, नेमका तेव्हाच, आणि मी अशी फुलले की माझी मलाच लाज वाटली. त्या बहरातलं एकही फूल भिंतीवर नाही. कुणी मागून काढलंही नाही. बरोबरच आहे. काही गोष्टींची नोंद न करणं हीच त्यांची नोंद असते.

पाचवी पाकळी

ही पाकळी अजून उघडते आहे.

रोझलीचीही किडनी गेली. आठवड्यातून तीन दिवस तिला त्याच खोलीत यावं लागतं, चाकांच्या खुर्चीतून. खुर्ची ढकलते तिची मुलगी मरीटा. मरीटा त्याच दवाखान्यात काम करते. आणि मित्रांनो, आता नीट ऐका. रोझलीला ही जागा बापाकडून आली. मरीटाला ती आईकडून आली. म्हणजे मरीटा राखणारी. आईने काय काढायचं, बरोबर काढलं की नाही, आणि पुरं कधी झालं, हे आता लेकीने सांगायचं.

दवाखान्याच्या दाराशी खुर्ची वर न्यायचा उतार अरुंद आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मी. माझ्या दोन फांद्या उतारावर आल्या होत्या. खुर्चीचं चाक त्यांत अडकायचं, मग मरीटा खुर्ची मागे घ्यायची, तिरकी करायची, पुन्हा पुढे. रोझलीच्या हाताला सुया टोचून टोचून सूज आलेली, प्रत्येक धक्क्याला ती डोळे मिटून घ्यायची.

कार्यालयातून नवीन माणूस आला. फीत घेऊन मोजलं. उतार रुंद करून देतो म्हणाला, सिमेंटचा, पक्का. फक्त झुडूप काढावं लागेल, आणि वहीत लिहिलंय की चित्र पुरं झाल्याशिवाय काढता येत नाही. "तेव्हा एकदा पुरं झालं म्हणा, की मी कामाला लागतो."

तो गेल्यावर मरीटाने खुर्ची माझ्यापाशी थांबवली.

"आई, म्हणू का?"

"मला काय विचारतेस? राखणारी तू."

"मी म्हटलं तर सोमवारी मशीन येईल."

"येईल की."

"तू रागावशील."

"हो. मरेपर्यंत. पण ऐकेन." रोझलीने माझ्याकडे पाहिलं नाही. "माझ्या हाताचा विचार करून म्हणणार असशील तर मात्र म्हणू नकोस. हात माझा आहे. झुडपाचा विचार करून म्हण."

"तुझाही करणार. तुला काय, बसायचंय. ढकलते मी."

"तुला लहानपणी मीच ढकलत होते, नदीतून, पत्र्यावर बसवून."

"आणि पाडलं होतंस."

मी ऐकत होते. मला पाय नाहीत, त्यामुळे घाबरून करायचं काही नसतं. पण एवढं सांगते, त्या क्षणी मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती मशीनची नव्हती. आपल्यामुळे एका म्हातारीला दर खेपेला डोळे मिटावे लागतात, हे मला झेपत नव्हतं. पण मी बोंड आहे, फांदी आहे, मी बाजूला सरकू शकत नाही.

मरीटा आत गेली आणि आरी घेऊन आली. तिने आधी उतारावरच्या दोन फांद्या कापल्या. मग थोडं मागे होऊन बघितलं आणि उरलेल्याही कापल्या, सगळ्या, गुडघ्याखाली. पान राहिलं नाही. कळ्या होत्या तीन, त्याही गेल्या. मी नुसतं बुटकं खोड झाले. वस्तीतली कुत्री येऊन हुंगून गेली आणि त्यांनाही कळेना हे कोण.

मरीटाने खुर्ची उतारावरून वर नेली. थेट. एकाही धक्क्याशिवाय. मग तशीच खाली आणली आणि भिंतीपुढे उभी केली. आईच्या मांडीवर रंगांचा डबा ठेवला.

"काय काढू?" रोझली म्हणाली. "काही ठेवलंस का तू?"

"खोड आहे ना."

रोझली हसली. बऱ्याच महिन्यांनी. भिंतीच्या खालच्या बाजूला, खुर्चीतून हात पोचेल तिथे, तिने माझं खोड काढलं. कापलेल्या जागा पांढऱ्या, कडा करड्या. मरीटा मागे उभी राहून बघत होती.

"हे इतकं जाड नाही, आई."

"आहे."

"नाही. पूस."

रोझलीने ओल्या फडक्याने ते पुसलं आणि पुन्हा काढलं.

सोमवारी कार्यालयातून फोन आला. मरीटाने फोन खांद्याशी धरला होता, हातात कुणाची तरी सुई होती. "नाही झालं," ती म्हणाली. "आता कुठे बुंध्यापाशी आलोय. उतार? उतार जमला, तुमचं सिमेंट राहू द्या."

मला कापलं त्याला आज पाच आठवडे झाले. बुंध्याला सात ठिकाणी लाल कोंब आले आहेत. कोंब सात आले तर येऊ द्या, कोंबांचं मला काही नाही. उन्हाने वाळवलं, थंडीने जाळलं, आरीने कापलं, तरी मुळाशी मी असते आणि परत येते. ते मला जमतं. मला कमी करा, मी भरून काढीन. माझ्यात जास्तीचं मात्र काही चिकटवू नका. चिकटवलेलं गळत नाही, आणि एकदा निशाणावर गेलं की माझ्याच दारात येऊन मला मेलेली म्हणतं.

म्हणून मित्रांनो, मला पाणी घाला असं मी सांगणार नाही. मला तुमच्या पाण्याची गरज नाही. मान द्या असंही नाही, मान मिळाला तेव्हाच मी उपटली जाणार होते. मी एवढंच मागते की बघा. उकिडवे बसा, बोटं उघडा आणि मोजा.

तुमच्या राज्याचंही एक फूल आहे. ताम्हण. त्याला पाकळ्या किती?

पुस्तक मिटा. झाडाखाली जा.